दोन मिनिटांची वेल

कोबिलोमावशीच्या हॉटेलाला पक्की भिंत एकच, बाकी तीन बाजूंना पत्रे. त्या भिंतीवर धावण्याच्या मासिकाची अकरा मुखपृष्ठं चिकटवलेली होती आणि अकराही पुरुषांची. मावशीचा नियम कडक होता. फोटो मुखपृष्ठावरचा हवा आणि माणूस शर्यतीत पहिला आलेला हवा. दुसऱ्या-तिसऱ्या आलेल्यांनी चहा प्यावा आणि वाटेला लागावं. नवं मुखपृष्ठ आलं की मावशी मक्याच्या पिठाची खळ शिजवायची, पान भिंतीला लावून वरून तळहात फिरवायची, आणि तिथे बसलेले सगळे उठून टाळ्या वाजवायचे.

त्या अकरांतला एकही जण धड दिसत नव्हता. कुणाचा जबडा वाकडा, कुणाच्या नाकातून पाणी, एकाचे तर डोळे पांढरे झालेले. त्याच्याकडे बोट दाखवून म्हातारे म्हणायचे, "याला म्हणतात पुरुष!" भिंतीवर बाई होती ती एकच, मक्याच्या पिठाच्या कॅलेंडरवरची. पिठाची पिशवी छातीशी धरून ती हसत होती आणि गेली चार वर्षं तिचा महिना काही बदलला नव्हता. तिच्या खाली, भिंतीच्या डाव्या टोकाला, एका फोटोपुरती जागा शिल्लक होती. चूल त्याच बाजूला असल्यामुळे तिथे लागलेला फोटो दोन वर्षांत काळा पडायचा. पण जागा ती जागा.

टेकला जेमेली त्या जागेकडे बघत बारा वर्षं चहा पीत आली होती. वयाच्या विसाव्या वर्षी ती या कड्यावरच्या सरावाच्या कॅम्पात धावायला आली. आता बत्तीस संपत आली होती आणि सकाळी उठल्यावर पहिली दहा पावलं टाच टेकवत नव्हती. कोच चेसिरे म्हणाले होते, "हा हंगाम तुझा. पुढचा देवाचा." कड्यावरची दहा किलोमीटरची शर्यत ती तीनदा जिंकली होती. तिन्ही वेळा मासिकानं पुरुषांतला पहिला मुखपृष्ठावर घातला आणि टेकलाचं नाव आत बारीक अक्षरांत, निकालांच्या रांगेत. तिला त्या भिंतीवर जायचं होतं. बाकी काही नको होतं म्हणा ना.

यंदा ती चौथ्यांदा जिंकली.

कशी जिंकली, ते बघणाऱ्यांनाच माहीत. धावताना टेकलाचं तोंड बघवत नसे. शेवटच्या किलोमीटरला तिचा वरचा ओठ दातांवरून वर सरकायचा, मान एका बाजूला पडायची आणि घशातून खर्रखर्र आवाज यायचा. रस्त्याकडेची पोरं ओरडायची, "तरस आलं, तरस आलं!" टेकलाला त्याचं काही वाटत नसे. तिला वाटत होतं ते मागून येणाऱ्या पावलांचं. ती पावलं नाओमी जेसांगची होती.

नाओमी बावीस वर्षांची. टेकलाच्याच कॅम्पात, टेकलाच्याच रांगेतल्या खोलीत राहायची, तिला 'ताई ताई' म्हणायची. गेल्या वर्षी ती टेकलाच्या मागे चव्वेचाळीस सेकंदांनी आली होती. यंदा सहा सेकंदांनी. पुढच्या वर्षीचं गणित करायला शाळेत जायला नको. आणि हे कमी पडलं म्हणून की काय, देवानं तिला रूपही दिलं होतं. ती पोरगी बुटांची माती खरवडत बसली तरी देखणी दिसायची. घामही तिला असा यायचा की कुणी मुद्दाम शिंपडावा. टेकला तिच्याकडे बघायची आणि दुसरीकडे तोंड फिरवायची.

शर्यतीनंतर म्हाताऱ्या बायकांनी टेकलाला कोळशानं सारवलेल्या भोपळ्यातलं आंबट दूध पाजलं आणि तिच्या गळ्यात सिनेंदेतची माळ घातली. सिनेंदेत म्हणजे कड्याखालच्या रानातली हिरवी वेल. शर्यतीत ती पहिल्या आलेल्याच्याच गळ्यात पडते. दुसऱ्यानं ती घातली तर काय करायचं, असा प्रश्न आजवर कुणाला पडलाच नव्हता, कारण तसं कुणी केलंच नव्हतं. टेकलानं घरी येऊन माळ परातीत पाणी घालून बुडवून ठेवली. मंगळवारी नैरोबीहून मासिकाचा फोटोवाला यायचा होता, तोवर पानं ताजी राहायला हवी होती.

फोटोवाल्याचं नाव ओडुओर. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. हसरा, बोलका, गळ्यात दोन कॅमेरे. आल्या आल्या त्यानं फाटकाशी माळ घालून उभ्या टेकलाला बातमी दिली.

"ताई, या वेळी मुखपृष्ठावर बाई घ्यायची असं ठरलंय. पहिल्यांदाच!"

टेकलानं गळ्यातली माळ नीट केली आणि आनंद ओठांआड ठेवला. बोललं की दृष्ट लागते.

मग ओडुओरनं पुरुषांतल्या पहिल्याला, किमाइयोला, लाल रस्त्यावर नेलं आणि त्याला बारा वेळा पळवलं. स्वतः पोटावर लोळून ओरडत होता, "अजून जोरात! तोंड वाकडं होऊ दे! घाम पुसू नकोस रे, घामच तर पाहिजे!" टेकला बूट बांधून बाजूला उभी होती. किमाइयोचं आटोपल्यावर ती पुढे झाली.

"मी कुठून पळू? चढावरून की उतारावरून?"

"छे हो ताई, तुम्ही कशाला पळताय? पळणं तर शर्यतीत झालंच. वाचकांना तुमची दुसरी बाजू बघायचीय. घर, चूल, संसार. नवऱ्याला जेवायला काय आवडतं?"

"नवरा मोम्बासाला ट्रक घेऊन जातो. त्याला मिळेल ते आवडतं."

ओडुओर खो खो हसला. "हे असं हसत हसत सांगा ना! रागावल्यासारख्या दिसता. तुमचा शर्यतीतला एक फोटो आला होता आमच्याकडे. संपादक म्हणाले, बाईचा असा फोटो छापला तर लोक अंक पालथा ठेवतील."

कॅम्पात स्वयंपाक पाळीपाळीनं असायचा आणि त्या दिवशी टेकलाची पाळी नव्हती. तरी तिला चुलीपुढे उभं केलं. कमरेला लेसो, बायकांचं रंगीत कापड, गुंडाळायला लावला, हातात उगाली ढवळायचा लाकडी दांडा दिला. "माळ काढा, पानं पातेल्यात पडतील," असं म्हणून त्यानंच ती दाराच्या खिळ्याला अडकवली. टेकला मक्याचं पीठ घोटत राहिली आणि तो म्हणत राहिला, "हसा. अजून थोडं. दात नकोत, नुसतं ओठांनी." चार वेळा जिंकलेली बाई, आणि दोन तास धुरात उभी राहून ओठांनी हसत होती! पण मुखपृष्ठासाठी ती विस्तवावरसुद्धा उभी राहिली असती.

तेवढ्यात ओडुओरची नजर दाराबाहेर गेली. पायरीवर नाओमी बसली होती, बूट धूत. दुपारचं ऊन तिच्या वेण्यांवर पडलं होतं.

"अगं ए, हलू नकोस! अशीच बस!" तो बाहेर धावला. टेकलाच्या हातात दांडा तसाच राहिला. बाहेरून कॅमेऱ्याचा खटखट आवाज येत होता, चुलीपाशी आला त्याच्या तिप्पट. मग त्याचा आवाज आला, "ताई, ती खिळ्यावरची वेल जरा देता का? दोन मिनिटं. हिच्या रंगावर हिरवं काय खुलेल!"

नाओमी ताडकन उठली. "नको, नको. ती ताईची आहे. आमच्यात तसं चालत नाही."

"फोटोपुरतं गं. कोण बघतंय?"

टेकला दारात आली होती. खिळ्यावरची माळ तिच्या हातात होती. आता खरं सांगायचं तर तिनं 'नाही' म्हणायला हवं होतं. एका शब्दाचं काम. पण त्या क्षणी तिच्या डोक्यात जे आलं ते असं: मुखपृष्ठ तर माझंच आहे, पहिली मी आलेय. हिचा फोटो आत कुठेतरी येईल, बोटाएवढा. आणि त्यात हिच्या गळ्यात सिनेंदेत असेल. दुसरी आलेली आणि पहिलीची माळ घालून बसलेली! अख्खा कडा हसेल. म्हाताऱ्या थुंकतील. देखणी आहेस ना, मग घे, मिरव.

"घाल गं," टेकला गोड आवाजात म्हणाली. "दोन मिनिटांनी काय होतंय? मी सांगतेय ना."

आणि तिनं स्वतःच्या हातानं ती माळ नाओमीच्या गळ्यात घातली. ओली पानं मानेला लागताच पोरगी शहारली. तिनं टेकलाकडे वर पाहिलं, काहीतरी विचारल्यासारखं. टेकलानं नजर दिली नाही.

*

अंक यायला तीन आठवडे लागले. ते तीन आठवडे टेकला जमिनीवर नव्हती. तिनं कोबिलोमावशीला आधीच सांगून ठेवलं आणि मावशीनं कॅलेंडरवालीला खिळ्यासकट उपटून काढलं.

"बाईच्या जागी बाईच येतेय," मावशी म्हणाली. "पण ही पीठ न दाखवता आली, हे बरं झालं."

त्या सकाळी पेपरांच्या गठ्ठ्याबरोबर मासिकही मटाटू गाडीतून उतरलं. हॉटेल भरलेलं होतं. खळ शिजून तयार होती, तिचा वास सुटला होता. मावशीनं गठ्ठ्याची दोरी कापली, वरचा अंक हातात घेतला आणि डोळ्यांजवळ नेला.

"काय झालं मावशी?"

मावशीनं अंक टेबलावर ठेवला. मुखपृष्ठावर नाओमी होती. वेण्यांवर ऊन, ओठांवर हसू, गळ्यात हिरवीगार सिनेंदेत. आणि तिच्या खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं: 'कड्याची राणी, टेकला जेमेली.'

कुणीतरी पानं उलटली. आत किमाइयो दोन पानं भरून धावत होता, तोंड वाकडं, घामानं निथळत. त्याच्या पुढच्या पानावर, खाली, एक चौकोन होता. त्यात लेसो गुंडाळलेली एक बाई दांड्यानं पातेलं घोटत होती आणि नुसतं ओठांनी हसत होती. खाली ओळ होती: 'खेळाडूंना प्रेमानं रांधून वाढणारी कॅम्पची स्वयंपाकीण.'

कसं घडलं, ते उघडच होतं. ओडुओरनं फोटो नावं न लिहिताच धाडले असणार. नैरोबीत बसून ओळी लिहिणाऱ्या कुणा शहाण्याला आमच्याकडचं एवढंच ठाऊक होतं, की सिनेंदेत पहिलीच्या गळ्यात असते. गळ्यात माळ, म्हणजे ही टेकला. आणि बिनमाळेची, चुलीपुढची, म्हणजे कोण असणार? त्यानं हुशारीच केली बिचाऱ्यानं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. फरक इतकाच, की टेकलानं हात नव्हे, माळ दाखवली होती.

आधी एक जण हसला. मग दुसरा. मग अख्खं हॉटेल पत्र्यासकट हलायला लागलं.

"स्वयंपाकीणबाई, दोन चहा आणा!"

"प्रेमानं आणा हं! नुसत्या ओठांनी हसून!"

टेकलाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ती उठली आणि चहा तसाच टाकून बाहेर पडली. मागून तिला दुसरं हसू ऐकू आलं, ते वेगळं होतं, बारीक आणि वाईट. एक म्हातारा म्हणत होता, "पण ही नाओमी बघा. दुसरी येऊन पहिलीची माळ! लाज कशी नाही वाटली?" टेकलानं ते ऐकलं आणि खरं सांगायचं तर तिला जरा बरं वाटलं.

पुढचे आठ दिवस कड्यावर तेच बोलणं. टेकलाला चिडवायचे ते हसत हसत. नाओमीला कुणी चिडवलं नाही. तिच्याशी बोलणंच बंद झालं. चर्चमध्ये तिच्या बाकावरच्या बायका सरकून बसल्या. सकाळच्या सरावात पोरी तिच्या मागून कुजबुजायच्या, "माळचोर." केरियोच्या खोऱ्यातून तिच्या आजीचा निरोप आला, की चोरलेली वेल घालून पहिली होण्यापेक्षा शर्यत पुरे, घरी ये.

टेकलाला वाटत होतं, आज नाही तर उद्या ही पोर तोंड उघडेल. म्हणेल, ताईनंच घातली, विचारा तिला. त्यासाठी टेकलानं उत्तरही तयार ठेवलं होतं. पण नाओमी बोलली नाही. कोचना बोलली नाही, पोरींना बोलली नाही, आजीलाही बोलली नाही. सगळं अंगावर घेतलं आणि मूग गिळून बसली. याचा टेकलाला जेवढा संताप आला, तेवढा मुखपृष्ठाचाही आला नव्हता. चेहरा हिचा, तारुण्य हिचं, पुढचं वर्ष हिचं. आता चांगुलपणातही हीच पुढे! माणसानं कुठे कुठे मागे राहायचं?

नवव्या दिवशी, सराव आटोपल्यावर, टेकलाला नाओमीच्या खोलीचं दार उघडं दिसलं. पोरगी पिशवी भरत होती.

"कुठे निघालीस?"

"घरी. दहाच्या मटाटूनं."

"परत कधी?"

"नाही परत. आजी म्हणतेय, शाळेत शिपाईण लागशील ओळखीनं."

टेकला दाराला टेकून उभी राहिली. सहा सेकंद चालले होते, पिशवीत भरून. तिला काही करायचंच नव्हतं. नुसतं गप्प राहायचं, बस्स. पुढच्या वर्षी मागे पावलं वाजणार नव्हती.

नाओमी पिशवीची चेन लावता लावता म्हणाली, "ताई, तू ती माळ मुद्दाम दिलीस ना?"

टेकलाला खोटं बोलता आलं असतं. पण पोरीनं नजर उचलून पाहिलं आणि ते राहून गेलं.

"हो," ती म्हणाली. "लोकांनी तुला हसावं म्हणून."

"वाटलंच होतं."

"मग घातलीस कशाला?"

नाओमी जराशी हसली, पण हे हसू मुखपृष्ठावरचं नव्हतं. "तुझी होती म्हणून. म्हटलं, दोन मिनिटं तर दोन मिनिटं. पहिली आल्यावर कसं वाटतं बघू."

"आता मुखपृष्ठच मिळालं की तुला!"

"ताई, ते नीट बघितलंस का तू?"

"बघायला काय, तोंडपाठ आहे मला."

"मग सांग, माझे पाय कुठे आहेत?"

टेकलाला कळेना. मग कळलं. मुखपृष्ठ कमरेशीच कापलेलं होतं.

"आजवर नऊ वेळा फोटो काढलेत माझे," नाओमी म्हणाली. "पायरीवर, फुलात, कुंपणाला टेकून, एकदा तर गाढवाशेजारी. एकात तरी मी धावतेय? त्या फोटोवाल्याला विचारलं मी, माझा पळतानाचा घेता का? म्हणाला, वेडी का तू, चेहरा बिघडेल. तुला ठाऊक आहे ताई, मला तुझा किती हेवा वाटतो?"

"माझा?" टेकलाला हसूच आलं. "तरसाचा?"

नाओमीनं गादीखालून एक जाड पाकीट काढलं. त्यात मासिकाच्या पानाएवढा एक फोटो होता. शर्यतीच्या शेवटी कोच चेसिरेंनी मोबाइलवर घेतलेला. नाओमीनं एल्डोरेटला जाऊन तो मोठा करून आणला होता. समोर टेकला होती. ओठ दातांवर चढलेला, मान कललेली, गळ्याच्या शिरा दोरासारख्या, छातीला फीत नुकतीच लागलेली. तिच्या खांद्यामागे, फोटोच्या डाव्या कडेला, कुणीतरी धूसर येत होतं.

"ती मी," नाओमी म्हणाली. "धावतानाचा माझा एवढाच फोटो आहे. नीट बघ, दोन्ही पाय हवेत आहेत."

होते खरे. दोन्ही पाय जमिनीपासून सुटलेले. टेकला बराच वेळ बघत राहिली, आधी स्वतःकडे, मग त्या पायांकडे.

"ठेव तुला," नाओमी पिशवी खांद्याला लावत म्हणाली. "तोंड तुझंच आहे. मी काय, मागे आहे."

*

मटाटू भरल्याशिवाय हलत नाही, आणि केरियोची मटाटू तर कोबिलोमावशीच्या दारासमोरच भरते. नाओमी खिडकीशी पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तीन जागा रिकाम्या होत्या. टेकला पाकीट काखेत मारून तिच्यासमोरून हॉटेलात शिरली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही.

आत गर्दी होती. मावशीनं तिला पाहताच विषय काढला, तो रोजचाच झाला होता.

"टेकले, काय करू सांग. नाव तुझं, तोंड तिचं. वरचं फेकून खालचं चिकटवू? नुसतं नाव लावते भिंतीला."

"आणि बाजूला उगालीचं पातेलं काढा," कुणीतरी म्हणालं.

"ती माळचोर निघाली वाटतं आज," म्हातारा बाहेर बघत म्हणाला. "बरं झालं. कड्याची कीड गेली."

बाहेर मटाटूच्या पोऱ्यानं आरोळी दिली, "दोन! अजून दोन जण!"

टेकलाच्या मनात आलं, बसू दे. दोन जण येतील, मटाटू सुटेल, कुणाला काही कळणार नाही. तिनं चहाचा पेला उचलला. मग तो इतक्या जोरात आपटला की चहा टेबलभर झाला.

"माळ मी दिली!" ती ओरडली. शर्यतीत येतो तसाच खर्रखर्र आवाज आला. "माझ्या हातानं घातली तिच्या गळ्यात. ती नको म्हणत होती. तुम्ही सगळ्यांनी तिला हसावं म्हणून घातली. जळत होते मी, समजलं? आता कुणाला हसायचंय ते मला हसा!"

म्हाताऱ्यानं खाली बघितलं.

"असं करतं का कुणी, पोरी?" मावशी हळूच म्हणाली.

"मी करते. बघत काय बसलात? जा कुणीतरी, उतरवा तिला खाली. मी नाही जाणार."

दोघं-तिघं उठून बाहेर धावले. टेकलानं पाकिटातून फोटो काढला आणि टेबलावरच्या चहापासून जपून मावशीच्या हातात दिला.

"हा लाव."

मावशीनं तो लांब धरला, मग जवळ. "अगं बाई! काय दिसतेस गं! भूत बघितल्यासारखी." मग तिनं भिंतीवरच्या अकरांकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे. "तशी शोभेल म्हणा यांच्यात. पण हे मुखपृष्ठ कुठेय?"

"मुखपृष्ठ पाहिजे तर नैरोबीला जा. पहिली आलेय मी, ते पुरे."

मावशीनं थोडा विचार केला. नियम तिचाच होता, मोडायलाही तीच. तिनं खळीचं भांडं पुढे ओढलं आणि कात्री घेतली.

"ही मागची कोण धूसर? ही काढून टाकते. पहिल्याशिवाय भिंतीवर कुणी नाही."

कात्री फोटोच्या डाव्या कडेला लागली. टेकलाला एवढंच करायचं होतं, गप्प राहायचं. कात्रीचा एक घाव, आणि भिंतीवर ती एकटीच. बारा वर्षं जे हवं होतं ते हेच होतं, कुणी मागे नाही, कुणी शेजारी नाही. तिनं त्या धुरकट आकृतीकडे पाहिलं. पोरगी ऊर फुटेस्तोवर धावत होती, तोंड उघडं पडलेलं, आणि तरीसुद्धा, मेली, सुंदरच दिसत होती.

"थांब," टेकलानं मावशीचं मनगट धरलं. "कापू नकोस. पाय आहेत तिचे त्यात."

मावशीनं तिच्याकडे पाहिलं, कात्री ठेवली आणि फोटोच्या पाठीवर खळ पसरली. दारात कुणीतरी येऊन उभं राहिलं. टेकलानं वळून बघितलं नाही, पण पिशवी जमिनीवर ठेवल्याचा आवाज तिला कळला.

"सरळ लाव," ती मावशीला म्हणाली. "आणि तिची बाजू चुलीकडे येऊ दे. धूर बसायचा तर तिच्यावर आधी बसू दे."

"चूल डावीकडेच आहे, ताई," दारातून नाओमीचा आवाज आला. "आणि फोटोत मीही डावीकडेच. धूर माझ्यावरच यायचा."

"ठाऊक आहे मला," टेकला म्हणाली. "म्हणूनच सरळ लाव म्हणतेय."